इसार घेण्याआधी हजार मैल

प्रश्न : मी लातूरची. वय ५१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. तीस वर्षं जहाजावर काढून दोन वर्षांखाली घरी आले, आणि आता घरी बसवत नाही. मलेशियात लंकावीला एक ३८ फुटी जुनी शिडाची बोट विकायला आहे. बार्शी रोडची जमीन विकून ती घ्यायची आणि दोघांनी तीन वर्षं समुद्रावर राहायचं असं त्यांनी ठरवलंय. आधी श्रीलंका, कोची, मालदीव, पुढं लाल समुद्रातून युरोप. जमिनीला गिऱ्हाईक लागलंय, पुढच्या महिन्यात इसार देतो म्हणतंय. मला पोहता येत नाही. एसटीला घाट लागला तरी मला उलटी होते. घरी सासूबाई ७९ वर्षांच्या, मुलगी बंगळुरूला नोकरीला. पहाडाएवढ्या लाटांचे व्हिडिओ बघून रात्री डोळा लागत नाही. नाही म्हणावं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. वादळात सापडलो तर काय करायचं, एवढं तरी सांगा. – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, नमस्कार.

वादळाचं आधी उरकतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा भाग तोच आहे. शिडाच्या छोट्या बोटीनं लांब जाणारी माणसं पंचांग बघून निघतात. मृग बरसल्याशिवाय आपण चाड्यावर मूठ धरत नाही, तसंच ते. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोनदा येतात, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मधले महिने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे, तेव्हा समुद्र खवळलेला. म्हणून लंकावीकडून श्रीलंकेला यायचं ते जानेवारी ते मार्चमध्ये. ईशान्येचा वारा मागून नाहीतर बाजूनं मिळतो आणि आभाळ बहुधा उघडं असतं. विषुववृत्त ओलांडून खाली गेलात की हिशेब उलटा, तिथं नोव्हेंबर ते एप्रिल धोक्याचे.

एवढं पाळूनही एखादं वादळी वारं गाठतंच. तेव्हा शिडं वेळेवर आखडायची, बोट वाऱ्याला खांदा देऊन जवळजवळ जागच्या जागी तरंगत ठेवायची, झडपा लावून आत बसायचं. बोटीच्या तळाशी काही टन शिसं किंवा लोखंड असतं, त्यामुळं ती आडवी झाली तरी पुन्हा उभी राहते. माणसांचे हाल होतात, बोट सहसा तगते. व्हिडिओत पहाडाएवढ्याच लाटा दिसतात, कारण साध्या लाटांचे व्हिडिओ कोणी बघत नाही.

मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्रभर बोट घेणारे ते, चालवणारे ते, रस्ता ठरवणारे ते. तुम्ही त्या बोटीवर काय करणार, हे एका ओळीतही नाही.

मी मूळचा सेलूचा. आमच्याकडं समुद्र म्हणजे भूगोलाच्या वहीतला निळा खडू. नौदलात गेलो, आणि तिथून सुटल्यावर काही वर्षं दुसऱ्यांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम केलं. तुमचे यजमान म्हणतात तो पहिला टप्पा मी दोनदा केलाय. त्या अनुभवावरून एक रात्र तुमच्यापुढं ठेवतो.

रात्रीचे दोन वाजलेत. बोट ५ नॉटनं चाललीय, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर, सायकलपेक्षाही हळू. तुम्ही खाली झोपलेल्या. यजमान गुंतलेला दोर सोडवायला डेकवर पुढं गेले, बोट कलली आणि त्यांचा पाय सरकला. ह्या वेगानं एका मिनिटात बोट दीडशे मीटर पुढं जाते. दिवसाउजेडी लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, रात्री तेही नाही. आता तुम्हाला उठून ऑटोपायलट बंद करायचाय, बोट वळवायचीय, शीड उतरवायचंय, इंजिन चालू करायचंय, तीच जागा शोधायचीय आणि ओल्या कपड्यांतला ऐंशी किलोचा माणूस पाण्यातून वर घ्यायचाय. ते सापडले नाहीत, तर पुढचे पाच-सहा दिवस बोट एकटीनं किनाऱ्याला लावायचीय.

तुम्हाला ते इंजिन चालू करता येतं का, ताई?

घाबरवायला लिहीत नाही. दोघांच्या बोटीवर हे कोणाच्याही नशिबात येऊ शकतं, म्हणून जाणती जोडपी दोन नियम मोडत नाहीत. डेकवर अंगातला पट्टा बोटीच्या लांबीनं ताणलेल्या दोराला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय रात्री कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढं जायचं नाही. तिसरी गोष्ट सरावाची : पाण्यात उशी टाकायची आणि नवऱ्यानं तोंड बंद ठेवून बायकोला ती परत आणू द्यायची. ह्यात तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड जातं असं मी पाहिलंय. पोहता येत नाही ह्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. भर समुद्रात पोहणारा वाचत नाही, बोटीला बांधलेला वाचतो. पण नांगर टाकलेल्या बोटीवरून छोट्या होडीत उतरताना पोहणं लागतं, तेवढ्यासाठी शिका. मी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो. तुमच्या लातुरात आता तरणतलाव आहेत.

बाईमाणसाला हे झेपतं का, असं तुमच्या मनात असेल तर झेपतं. नौदलातल्या दिलना के. आणि रूपा ए. ह्या दोघींनी 'तारिणी' ह्या शिडाच्या बोटीतून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये जगाला वळसा घातला. बोटीवर दोघीच. त्याआधी तीन वर्षं त्या ह्याच एका कामाची तयारी करत होत्या. त्यांच्या आधी २०१७-१८ मध्ये त्याच बोटीतून सहा जणी जाऊन आल्या. दिलीप दोंदे एकट्यानं प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, पण कामाला लागले होते २००६ मध्ये, बोट बांधायच्याही आधी. तुमच्या घरात तयारीला एक महिना मिळालाय, आणि तोही गिऱ्हाइकाच्या सोयीनं.

आता यजमानांची जमेची बाजू. ते इंजिनिअर आहेत आणि ही फार मोठी गोष्ट आहे. लांबच्या सफरी वादळानं कमी आणि टॉयलेटच्या पंपानं जास्त मोडतात. खारं पाणी, ऊन आणि रात्रंदिवस हलणं, ह्यांत काही टिकत नाही. कप्पीवर दोर घासून तुटतो, वायरींच्या जोडांना हिरवा गंज चढतो, नळ्या तडकतात. एकदा श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी माझी चांगली जिरली. तिथून जगातली मोठी जहाजं रांगेनं जातात, आपल्याकडं हंगामात कारखान्यावर उसाच्या गाड्या लागतात तशी. आदल्या दोन दिवसांच्या लाटांनी डिझेलच्या टाकीच्या बुडाचा काळा गाळ ढवळून निघाला, फिल्टर चोंदला, इंजिन बंद. वाराही पडलेला. निघण्याआधी ज्या यार्डानं टाकी साफ केल्याचे पैसे घेतले होते, त्यानं टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. टॉर्च दातांत धरून, डिझेलच्या वासानं ओकत मी तासाभरात तीन फिल्टर बदलले. तुमचे यजमान हेच काम निम्म्या वेळात करतील. पण तो तासभर वर सुकाणूला माझा सोबती होता. जहाजांवर नजर ठेवून तो रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर आमची अडचण सांगत होता. त्याची जागा तुमच्याकडं येणार आहे.

आणि मोठं जहाज वेगळं, हे वेगळं. तिथं वीस-बावीस माणसं असतात, स्वयंपाकी असतो, चार तासांची वॉच संपली की आठ तास आपले. तीस वर्षांत त्यांनी शीड कितीदा ओढलंय हे त्यांना विचारा. विचारताना आवाज मऊ ठेवा.

झोपेचं तुम्ही विचारलंच नाही, पण मला विचाराल तर पहिला शत्रू तोच. लंकावीच्या वर, थायलंडमधल्या फुकेतपासून श्रीलंकेच्या गॉलपर्यंत साधारण ११०० सागरी मैल. ३८ फुटी बोट दिवसाला १२० मैल गेली तरी नऊ-दहा दिवस लागतात, आणि ती रात्री कडेला लावून झोपता येत नाही. क्षितिजावर दिसलेलं जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. म्हणून दोघांनी आळीपाळीनं तीन तास जागायचं, तीन तास झोपायचं. झोपायचं म्हणजे डोक्याशी दोर करकरतोय, भांडी आदळतायत, अशात पडायचं. तिसऱ्या रात्रीपर्यंत माणूस चिडका होतो, साधी बेरीज चुकते. मला एकदा सुकाणूपाशी आमच्या आजीची हाक स्पष्ट ऐकू आली होती, आजी जाऊन तेव्हा बारा वर्षं झालेली. पाचव्या दिवसापासून शरीर ऐकायला लागतं. भांडणं बहुतेक त्या आधीच होतात, आणि रुसून जायला तिथं माहेर नाही. जागा म्हणाल तर एका खोलीएवढी, तीही तिरकी.

उलटीचं एवढं मोठं नाही. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. आलं, कोरडं काहीतरी पोटात, नजर क्षितिजावर, आणि डॉक्टरांना विचारून मेक्लिझिनसारखी गोळी, ती मळमळ सुरू व्हायच्या आधी. काहींचा त्रास मात्र कधीच जात नाही. तुम्ही कुठल्यात मोडता हे लातुरात बसून कळणार नाही.

पाण्याच्या बाबतीत तुम्ही यजमानांच्या पुढं आहात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ते कुठल्या तरी जहाजावर असतील आणि घागरी मोजून घर तुम्ही चालवलं असेल. बोटीवर पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला चारेक लिटर धरतात. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचं विसळणं तेवढं गोड्या पाण्यात. अंघोळ मगभर. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र मिळतं, आपल्या जारच्या पाण्याच्या आरओ प्लांटचंच भावंड, पण दाब कितीतरी जास्त. ते बरेच दिवस बंद ठेवलं तर आतला पडदा खराब होतो, आणि क्लोरिनचं पाणी त्यातून गेलं तर कामातूनच जातो. म्हणून जाणकार त्याच्या भरवशावर टाकी रिकामी होऊ देत नाहीत. जेवणाचं तर आपल्याकडं सगळं तयारच आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसर, सांडगे. फ्रीज बंद पडला की गोरे लोक डबे उघडत बसतात, येसराची आमटी दहा मिनिटांत होते. कुकर घ्या, झाकण घट्ट बसतं आणि गॅस कमी लागतो. गॅसवरून आठवलं, गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्यानं बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीनं बोट उडते. नळी आणि सिलिंडरचा कॉक तुम्ही स्वतः तपासायचा, रोज.

आजारपणाचं स्पष्ट सांगतो. किनाऱ्यापासून दोनशे-अडीचशे मैलांपलीकडं हेलिकॉप्टर सहसा येत नाही. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत होते, तेव्हा दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडून, पाठीला मार लागून बोटीत पडून होते. २१ सप्टेंबरला अपघात झाला, वरून विमानं घिरट्या घालत होती, आणि फ्रेंच मासेमारी गस्तीच्या जहाजानं त्यांना उचललं ते २४ तारखेला. जगाला त्यांचा ठावठिकाणा माहीत होता, तरी तीन दिवस. (पुढं ते बरे झाले आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत २०२३ मध्ये दुसरे आले, पण ती वेगळी माणसं.) तुम्हा दोघांच्या बीपी-शुगरच्या तपासण्या, दात, जुनी दुखणी हे सगळं आधी बघायचं. आणि सासूबाईंना काही झालं तर मधल्या समुद्रातून लातूरला यायला आठवडाही लागू शकतो. हे यजमानांनी आईला स्वतः सांगायला हवं. तुमच्यावर ढकलू देऊ नका.

पैशाकडं येतो. बोटीची किंमत हा फक्त प्रवेश आहे. जुन्या बोटीवर वर्षाला किमतीच्या दहा टक्के देखभालीला धरायचे असा ढोबळ हिशेब आहे, आणि पहिल्या वर्षी तो हमखास ओलांडतो. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहाएक वर्षांनी बदलाव्या लागतात. विकणाऱ्याला विचारा, शेवटच्या कधी बदलल्या. तो 'चांगल्या आहेत' म्हणाला तर समजून जा. विमा कंपनी तुमचा पूर्वीचा अनुभव मागते, आणि मोठ्या जहाजाच्या इंजिन रूमची तीस वर्षं ती शिडाच्या बोटीसाठी किती धरेल ते आधी लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा ती अडचण नसावी. पण परदेशात घेतलेली बोट कोचीला आणली की आयात शुल्काचा प्रश्न उभा राहतो. तो कस्टम्सच्या जाणकाराकडून आधी सोडवा, बंदरात उभं राहून नको. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोनही परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही, त्यापायी लोकांना अटक झालीय. आपल्या पासपोर्टला प्रत्येक देशाचा व्हिसाचा नियम वेगळा, आणि विमानतळावर चालणारा ई-व्हिसा बंदरावर चालेलच असं नाही.

लाल समुद्राचं नाव सध्या काढूच नका. २०११ मध्ये सोमाली चाच्यांनी चार अमेरिकनांना त्यांच्याच शिडाच्या बोटीवर मारलं. नोव्हेंबर २०२३ पासून त्या भागात मालवाहू जहाजांवर हल्ले झाले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनीही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. तुमच्यासाठी तो वळसा म्हणजे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत वाहणारा जोरदार अगुल्हास प्रवाह. उलटा वारा सुटला की तिथं भिंतीसारख्या लाटा उठतात. पहिल्या वर्षाच्या माणसांचं ते काम नाही. तीन वर्षं घालवायला मलेशिया, थायलंड, अंदमान, श्रीलंका, मालदीव एवढा मुलूख पुरून उरतो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. तीस वर्षं ते समुद्रावर होते आणि तुम्ही सासू, लेक, शाळा, पाणी सगळं एकटीनं बघितलंत. आता ते म्हणतात, चल माझ्याबरोबर. त्यात माया आहे, मला दिसते. पण त्यांना जमिनीवर राहणं जमत नाहीये, हेही दिसतं. जहाजावरून उतरलेल्या माणसाला घरात आपली खुर्ची कुठली हे कळायला वेळ लागतो, मलाही लागला होता. बायकोच्या रोजच्या कामांत नाक खुपसून झालं, बँकेची पासबुकं तारखेवार लावून झाली, मग मीही एक बोट विकत घ्यायला निघालो होतो. आमच्या हिनं तेव्हा एकच विचारलं, 'बोटीवर गेल्यावर तरी घरात असाल का?' मला राग आला होता. आठवडाभरानं ओसरला.

तेव्हा माझं म्हणणं असं. इसार आत्ता घेऊ नका. हैदराबाद तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. तिथं हुसेन सागरात शिडाच्या छोट्या बोटी चालवायला शिकवतात. दोघंही जा, पण वेगवेगळ्या बोटीत बसा. वारा कुठून येतो हे मानेला कळायला लागलं की फुकेत नाहीतर लंकावीला स्किपरसकट बोट आठवडाभर भाड्यानं घ्या. त्या आठवड्यात तुम्ही इंजिन चालू-बंद करा, नांगर टाका आणि काढा, एक रात्र नांगरावर झोपा. वारा फिरला आणि नांगर सरकला की रात्री दोनला उठून पाऊस खात उभं राहणं काय असतं, तेही जमलं तर बघा. मग यजमानांनी एकट्यानं दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून हजार मैल करावेत. अनुभवी जोडप्यांना लांबच्या टप्प्यावर तिसरा माणूस हवाच असतो, आणि इंजिन दुरुस्त करणारा असेल तर ते डोक्यावर घेऊन नाचतील. एवढं होऊनही त्यांचं मन तेच म्हणालं, तर त्या बोटीची पाण्याबाहेर काढून पाहणी करून घ्या. सर्व्हेअर तुमचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. जमिनीचं बोलणं त्याच्यानंतर.

आणि तुम्हाला त्या आठवड्यात नकोसं झालं तर तसं सांगा. मधली वाटही आहे. लांबचे टप्पे त्यांनी क्रू घेऊन करायचे, तुम्ही शाळेच्या सुट्टीत विमानानं जाऊन बेटांमधले पंधरा-वीस दिवस बोटीवर राहायचं, आणि सासूबाईंजवळ परत यायचं. कितीतरी जोडपी असंच करतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. तुम्ही नोकरी सोडायची गरज नाही.

बार्शी रोडच्या जमिनीला गिऱ्हाईक लागायचं थांबत नाही, हे गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. लंकावीला जुन्या बोटीही विकायला असतातच. हे पत्र यजमानांना वाचायला द्या. माझं काही चुकलं असं त्यांना वाटलं तर त्यांनी खुशाल मला लिहावं, फक्त तो भाड्याच्या बोटीचा आठवडा करून आल्यावर.